काजू-फेणीच्या भाटीचं पाणी व्हाळात कशाला?

मा. संपादक,

गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याची बातमी आली की आपण दोनच गोष्टी बोलतो, कारखाना बंद करा नायतर दंड लावा. बरोबरच आहे ते, पण त्या पाण्यात असतं काय हे पण बघा ना. खाण्याच्या कारखान्यातून निघणारं पाणी म्हणजे साखर, स्टार्च, प्रोटीन, तेल. ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेलं की बॅक्टेरिया माजतात, ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. मग तेच टाकीत बुरशीला खायला घातलं तर?

फिनलंडमध्ये 1975 मध्ये पेकिलो नावाने हेच सुरू झालं, कागद गिरणीच्या टाकाऊ पाण्यावर बुरशी वाढवून जनावरांचं खाद्य. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत मक्याच्या इथेनॉलनंतर उरलेल्या पाण्यावर रायझोपस नावाची बुरशी वाढवली, जी इंडोनेशियात टेम्पेला (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांना) वापरतात, म्हणजे माणसं खातातच की. ती पाण्यात साबुदाण्यासारखे गोळे धरते त्यामुळे चाळून काढता येते. नेहमीच्या ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा, गाळ मात्र इतका बारीक की त्यातलं पाणी काढता काढता जीव जातो, आणि मग तो टाकायचा कुठे? बुरशी वाळवून कोंबड्यांना, माशांना खाद्य होतं, वर तिच्यातून कायटोसान नावाचा उपयोगी पदार्थ मिळतो तो वेगळाच.

आपल्या दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) तर 2001 मध्येच समुद्रातून मिळालेल्या फ्लॅवोडॉन फ्लेवस या बुरशीने मळीच्या डिस्टिलरीच्या काळ्या पाण्याचा रंग उतरवून दाखवलाय. लांब जायला नको.

सुरुवात मात्र मासळीच्या कारखान्यांपासून नको, ते पाणी खारट, तेलकट, डोकेदुखी नुसती. काजूच्या भाटीपासून करा. फेणी गाळल्यावर भांड्यात जे आंबट पाणी उरतं ते कितीतरी ठिकाणी तसंच ओतून देतात, आणि आंबटपणा बहुतेक बॅक्टेरियाला सोसत नाही पण बुरशीला चालतो, म्हणजे अर्धं काम फुकटात झालं. अडचण आहे ती सीझनची, मार्च ते मे भाटी पेटते आणि नंतर टाकी रिकामी, त्यामुळे एकट्याला परवडणार नाही. सत्तरीतल्या चार-पाच भाटीवाल्यांनी एकत्र यायचं आणि बाकीच्या दिवसांत उकड्या तांदळाच्या गिरणीचं भिजवणीचं पाणी घ्यायचं, असं काहीतरी करावं लागेल. हवा सोडायच्या पंपाचं वीजबिल पण धरा.

आणि कुठलीही बुरशी उचलून नाही चालणार, काही जाती विष तयार करतात. म्हणून कृषी खात्याने येत्या सीझनला एक टाकी बसवावी आणि तिथला माल ओल्ड गोव्याच्या आयसीएआरच्या कृषी संशोधन संस्थेकडे तपासायला द्यावा, कोंबड्यांना घालायचं ते नंतर बघू.

एक वाचक, वाळपई