पेशींवरच्या शर्करांनाही जागा द्या

संपादक महोदय,

प्रतिकारशक्तीवरच्या लेखांत जनुके आणि प्रथिने भरभरून असतात, पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करांचे मात्र नावही नसते. ही उणीव मला फार खटकते. ए आणि बी रक्तगटांतला फरकसुद्धा लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला असलेल्या एका शर्करेचाच!

दाह कसा सुरू होतो ते पाहा. जखम झाली की जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन ही प्रथिने येतात. पांढऱ्या पेशींवरच्या फ्युकोज व सियालिक आम्ल या शर्करा असलेल्या साखळ्या त्यांना अडकतात, पेशींचा वेग मंदावतो, त्या भिंतीवरून घरंगळतात आणि मग फटीतून बाहेर पडून जखमेकडे जातात. एका दुर्मीळ जन्मजात विकारात या साखळ्यांना फ्युकोज जोडलेच जात नाही. रक्तात पांढऱ्या पेशी उदंड, पण संसर्गाच्या जागी त्या पोहोचत नाहीत; मूल पुन्हा पुन्हा आजारी पडते.

ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या आयजीजी (रक्तातल्या सर्वांत मुबलक) प्रतिपिंडांवर गॅलॅक्टोज ही शर्करा कमी असते, हे 1985 मध्येच दिसून आले. गरोदरपणी ते वाढते आणि अनेकींची सांधेदुखी उतरते; बाळंतपणानंतर दोन्ही गोष्टी उलटतात. रुग्ण स्त्रियांपर्यंत ही माहिती पोहोचायला नको का?

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांना 2022 चे रसायनशास्त्राचे नोबेल (विभागून) मिळाले. त्यांच्या कामाची सुरुवात याच शर्करांच्या शोधातून झाली होती. आपल्या विज्ञान पुरवणीत या विषयावर सविस्तर लेखमाला द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक नियमित वाचक