सोन्याची सायकल आणि त्रेपन्न जणांची यादी

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
३० ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

उद्या गौरी यायच्या. आई, तुझी पातळं निवडून झाली असतील, मुखवटे पुसून झाले असतील. या धांदलीत एवढं लांबलचक पत्र पाठवतेय, रागावू नकोस. लिहून त्याचे फोटो दादाच्या फोनवर टाकतेय. तुझ्या डोळ्यांना त्रास नको, तोच वाचून दाखवेल.

बुधवारी गणपती बसल्यावर फोन केला तेव्हा बाबा, तुम्ही विचारलंत, सोन्या गप्प का? मी म्हटलं, झोप आलीय. ते खरं नव्हतं. तो आदल्या दिवसापासून नीट जेवला नव्हता, आणि त्याचं कारण फोनवर दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

इथल्या पॅकर्स संघाबद्दल मी बोलत असते. अमेरिकन फुटबॉलमधला हा एकच मोठा संघ, ज्याला कुणी शेठ मालक नाही. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या पोरानं, तो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कारकून होता तिच्याकडून गणवेशासाठी पाचशे डॉलर मागून घेतले, म्हणून नाव पॅकर्स. पुढे पैशाची ओढाताण झाली तेव्हा १९२३ साली गावानं पाच-पाच डॉलरचे भाग विकत घेऊन संघ उभा ठेवला. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. लाभांश एक पैसा नाही, आपल्याकडे दिवाळीला सभासदांना मिळते तशी साखर नाही, तिकिटात सवलत नाही, भाग बाजारात विकता येत नाही. तरी लोक घेतात आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावतात. आमच्याही बैठकीत आहे, २०२१च्या विक्रीत तीनशे डॉलरला घेतलेलं. जुलैत स्टेडियममध्ये वार्षिक सभा भरते, ताळेबंद वाचला जातो, हजारो माणसं उन्हात बसून ऐकतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आपल्या कारखान्याच्या सर्वसाधारण सभेचा मांडवच दिसला. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे इथे अध्यक्षानं सत्तरी गाठली की खुर्ची सोडायची, असा नियम आहे. मार्क मर्फी याच जुलैत त्याप्रमाणे पायउतार झाले.

लाखभर वस्तीचं हे गाव, आणि स्टेडियममध्ये माणसं मावतात एक्क्याऐंशी हजार! आमच्या कागद गिरणीत जुलै लागला की पाळीच्या सुरुवातीला दुसरा विषयच नसतो. सामने सुरू होतात सप्टेंबरात, पण गावाचा हंगाम सुरू होतो तो सराव शिबिराला. जुलैच्या चौथ्या आठवड्यात.

आणि शिबिराची सुरुवात होते मुलांच्या सायकलींनी. खेळाडू कपडे बदलतात ते लॅम्बो फील्ड स्टेडियममध्ये, सरावाचं मैदान रस्त्यापलीकडे. मधलं अंतर ते गावातल्या मुलांच्या सायकलवर बसून कापतात. व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक होते त्या काळापासून, म्हणजे साठेक वर्षं, हा रिवाज चालत आलाय. मुलं सकाळी सायकली घेऊन रांगेत उभी राहतात. खेळाडू येतो, एखादी सायकल निवडतो, मुलाच्या हातात आपलं हेल्मेट देतो आणि निघतो. पोर हेल्मेट छातीशी धरून बाजूनं पळतं. बरेच खेळाडू मग शिबिरभर त्याच मुलाला शोधतात.

यंदा माझ्या पोराची, सोन्याची, सायकल निवडली गेली. पहिल्या फळीत उभं राहून धडका झेलणाऱ्यांपैकी एक होता तो, सव्वासहा फुटांचा, आपल्या हिशेबानं एकशेछत्तीस किलो तरी भरेल. सोन्याच्या सायकलवर त्याचे गुडघे हँडलच्या वर येत होते. संध्याकाळी पोरगा पंप घेऊन चाकाला बसला. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं त्यालाच हाक मारली. तिसऱ्या दिवशीही. रोज तीच दोन-चार वाक्यं, नाश्त्याला काय खाल्लंस, शाळा कधी सुरू. पण आमच्या घरात त्याचा नंबर पाठ झाला. एप्रिलमध्ये इथेच, या स्टेडियमच्या दारात, सगळ्या लीगची नव्या खेळाडूंची निवड झाली होती, सात फेऱ्यांत २५७ पोरं. पॅकर्सनी पहिल्या फेरीत मॅथ्यू गोल्डनला घेतलं तेव्हा गावानं आकाश डोक्यावर घेतलं होतं. सोन्याचा माणूस त्या २५७ जणांत नव्हता. निवड संपल्यावर उरलेल्यांतून काहींना वेगळं बोलावतात, तसा आलेला.

आता शिबिराचं सांगते, कारण बाबा, तुम्ही ते बघायला हवं होतं असं मला रोज वाटत होतं. मैदानावर भोंगा वाजतो. खराखुरा भोंगा. सरावाचे मिनिटांत मोजलेले तुकडे असतात, भोंगा झाला की नव्वद माणसं एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात जातात, कुणी चालत नाही. पहिला भोंगा ऐकला तेव्हा मी दचकले. आपल्या कॉलनीत दुपारची पाळी लागायची, तोच आवाज.

पहिले काही दिवस अंगावर पॅड चढवायची परवानगीच नसते. शरीर उन्हाला आणि पळण्याला सरावलं की मगच खरी टक्कर. पूर्वी असं नव्हतं. एका दिवसात दोन-दोन वेळा पूर्ण साज चढवून धडका घेत. २००१ साली शेजारच्या मिनेसोटाच्या शिबिरात कोरी स्ट्रिंगर नावाचा तगडा खेळाडू उष्माघातानं गेला, सत्तावीस वर्षांचा होता. त्यानंतर सगळे उन्हाकडे भीतीनं बघायला शिकले, आणि २०११च्या करारात दिवसातून दोनदा पॅड घालून सराव बंदच झाला. आई, तू विचारशील म्हणून लिहिलं.

खेळ कळायला तुम्ही कबड्डीच डोळ्यांपुढे आणा. चेंडू हातात असलेल्या बाजूला चार चढाया, त्यांत दहा यार्ड, म्हणजे नऊएक मीटर, पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्याकडे. फरक असा की इथे प्रत्येक चढाई आधी कागदावर आखलेली. अकरा जणांपैकी प्रत्येकानं कुठलं पाऊल आधी टाकायचं, इथपर्यंत. अशा शेकडो चाली पाठ करायच्या आणि ऐन वेळी एका सांकेतिक हाकेवर आठवायच्या. त्यामुळे शिबिरातला अर्धा वेळ अभ्यासाच्या खोलीत जातो. उरलेल्या वेळात दिसतं ते इतकं बारीक असतं की परक्या माणसाला कंटाळा येईल. एकच पाऊल, तीस वेळा. हाताचा पंजा समोरच्याच्या छातीवर कुठे पडला पाहिजे, यावर दहा मिनिटं.

लोम्बार्डींची गोष्ट इथलं पोरसोर सांगतं. १९६०चा अंतिम सामना पॅकर्स फिलाडेल्फियाकडून हरले. पुढच्या जुलैत शिबिराला जमलेल्या त्या कसलेल्या गड्यांसमोर लोम्बार्डींनी चेंडू हातात धरला आणि ‘हा फुटबॉल’ इथपासून शिकवायला घेतलं. त्या वर्षाचा अंतिम सामना त्यांनी ३७-० असा जिंकला.

मला यात तुमचं ओव्हरहॉलिंग दिसलं, बाबा. उन्हाळ्यात गाळप बंद झालं की आम्हाला वाटायचं, आता बाबांना सुट्टी. आणि तुम्ही तर जास्तच उशिरा यायचात. रोलर उतरवले, बेअरिंग उघडले, बॉयलरच्या नळ्या साफ केल्या, पंप सगळे सुटे करून पुन्हा जोडले. चालू असलेलं मशीन उघडायचं कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, हंगामात उघडायला वेळ नसतो. दसऱ्याला बॉयलर पेटायचा, पाण्यावर ट्रायल व्हायची, मग गव्हाणीत मोळी पडायची आणि लोक फोटोला यायचे. तुम्ही कधी त्या फोटोत नसायचात, आत मिलपाशी कान लावून उभे असायचात.

मंगळवारी, २६ तारखेला, यादी लागली. शिबिराला नव्वद जण, हंगामाला त्रेपन्न. हल्ली ही छाटणी एकाच दिवसात होते, बत्तीसही संघांत. म्हणजे त्या एका दुपारपर्यंत हजाराहून जास्त पोरांना कळतं की आपलं नाव नाही. संघाच्या चालींचा टॅबलेट परत करायचा, कपाट रिकामं करायचं. काहींना दुसऱ्या दिवशी सरावी पथकात सोळा-सतरा जणांत जागा मिळते. सोन्याचा माणूस त्रेपन्नात नव्हता. बुधवारी सरावी पथकाच्या नावांत मी तीनदा शोधला, तिथेही नव्हता. गणपतीची आरती चालू होती आणि हा टाळ न वाजवता उभा. रात्री म्हणाला, “तो रोज सगळ्यांत आधी यायचा. त्याचं काय चुकलं?”

मला उत्तर आलं नाही. मी दिलं ते खोटं वाटेल असं होतं, पुढच्या वर्षी येईल वगैरे. येईलही. पण बहुतेक पोरं येत नाहीत, हे इथे राहून मला माहीत झालंय.

आणि गुरुवारी तर आणखी एक झालं. संघानं डॅलसकडून मायका पार्सन्सला आणलं, आजच्या घडीला समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चाल चालवून चेंडू फेकणाऱ्यावर, तुटून पडणाऱ्यांत त्याच्या तोडीचे थोडेच. गाव वेडं झालंय. पण त्याच्या बदल्यात पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, आणि केनी क्लार्क दिला. केनी क्लार्क २०१६ पासून इथे होता. नऊ हंगाम. आमच्या गिरणीतले म्हातारे फोरमन पार्सन्सवर खूश होते आणि क्लार्कचं नाव निघालं की खाली बघत होते. मला दोन्ही पटलं.

त्या रात्री मला ती वही आठवली, बाबा. वही म्हणजे आईची शिलाईची, ज्यात ब्लाऊजचे हिशेब असत. मी तिसरीत असेन. तुम्ही तेव्हा हंगामी होता. दसऱ्याच्या आधी गेटवर नावं लागायची, कोणाला कामावर घेतलं त्यांची. त्या वर्षी तुमचं नाव लागलं नाही. तुम्ही घरी आलात, काही बोलला नाहीत. पडवीत बसून पान्यांचा सगळा संच पसरलात, एकेक पाना रॉकेलनं पुसलात, तेलाचा हात दिलात आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलात. ते वर्षभर आई रात्री दोनपर्यंत शिलाई मशीनवर असायची, त्या वहीतले ब्लाऊज शिवत. महिन्यातून एकदा तुम्ही ते पाने काढून पुन्हा पुसायचात. पुढच्या वर्षी नाव लागलं, आणि मी सहावीत असताना कायम झाल्याची ऑर्डर आली. आईनं कॉलनीत पेढे वाटले. पण त्या मधल्या वर्षाबद्दल आपल्या घरात कधीच कुणी बोललं नाही. मलाही विचारायचं धाडस झालं नाही. शिक्षण झालं, इकडे आले, तरी नाही.

आता विचारते. त्या वर्षी सकाळी उठून तुम्ही काय करायचात? कुठे जायचात? पाने का पुसायचात? मला सांगितलं नाहीत तरी चालेल. पण सोन्याला सांगा. माझ्यापेक्षा तुमचं सांगणं त्याला कळेल, कारण त्याला ज्या माणसाबद्दल विचारायचंय तो माणूस तुम्ही एक वर्षभर होता.

यंदा गुडघ्यामुळे बॉयलर पेटवायला जाणार नाही म्हणालात. जा हो. दादाला गाडी काढायला सांगा. आत जाता आलं नाही तरी गेटपाशी बसा.

पुढच्या रविवारी, सात तारखेला, पहिला सामना आहे, इथेच, डेट्रॉइटशी. आम्ही घरीच बघणार. आई, गौरीजेवणाच्या पुरणपोळ्यांचा फोटो पाठव. इथे मी घाटल्यावर भागवणार आहे, पुरण काही जमत नाही.

उद्या तुमच्या संध्याकाळी साडेसातला फोन करते, इथे सकाळचे नऊ असतात. आधी आईशी बोलेन आणि मग फोन सोन्याकडे देऊन मी बाहेर जाईन. त्याची सायकल अजून गॅरेजच्या दारातच उभी आहे, सीट उंच केलेली तशीच. त्याला खाली करायची नाहीये.

तुमची,
ताई