नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकींच्या हातात कॅन्सर तपासणीची नळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर आरोग्य शिबिरांच्या बातम्या नेहमी येतात. इतक्या महिलांनी लाभ घेतला, असा आकडा त्यात असतो. ज्या आल्या नाहीत त्यांचा आकडा कधी नसतो. हे पत्र त्या न आलेल्या बायकांबद्दल आहे, आणि त्यांत एके काळी मीही होते.

मी कळंब तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ५३, शिक्षण बारावी. उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जातात.

माझी थोरली जाऊ गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. आमची घरं एका भिंतीची, न्हाणीघर एकच. पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. ती कापडं गोठ्याच्या मागं, जुन्या लुगड्याखाली वाळत घालायची. एकदा मी ते लुगडं उचललं आणि विचारलं, तर म्हणाली, "उष्णता आहे गं, जाईल." दीड वर्ष असंच गेलं. बसवेना, तेव्हा तिला बार्शीला नेलं. पुष्कळ पसरलं होतं. लाइट (किरणांचे उपचार) दिले, त्यानं थोडे दिवस बरं वाटलं, मग नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत याच आजाराच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. दोन बाकं जोडून त्यावर चादर आणि पुढं पडदा म्हणून दुसरी चादर. खिडकीची एक काच फुटलेली, बाहेर मैदानात पोरं खेळत होती. मी आणि जाऊ दोघी रांगेत वर्गाच्या दारापर्यंत गेलो. आतून नाव पुकारलं, तेही अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. जाऊ म्हणाली, "चल, दळण ठेवून आलेय." आम्ही दोघी परत आलो. त्या शिबिराचीही बातमी छापून आली होती.

या आजाराचं आणि आमच्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. मी नव्यानं नांदायला आले त्यानंतर काही वर्षांनी, १९९९ पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संस्था त्यात होती. काही गावांत, हा कॅन्सर ज्यामुळं होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, काहींत दुसऱ्या दोन पद्धतींनी तपासलं, आणि काही गावांत फक्त माहिती सांगितली. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या आणि फक्त माहिती मिळालेल्या गटात ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच तपासलं तरी मरणं जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला आमच्या जिल्ह्यातल्या बायकांमुळं कळलं. हे मला नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या मुलीनं सांगितलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. जगानं ते वापरलं, आमच्याकडं मात्र ते पोचलंच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

आता ही तपासणी घरी होते. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या डॉक्टर ताई आमच्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, बैठकीला आल्या. त्यांच्याकडं ४० पाकिटं होती. पाकिटात एक लांब दांडीचा मऊ ब्रश आणि झाकणाची नळी. बाईनं स्वतःच तो ब्रश आत घालायचा, अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, हळू चार-पाच वेळा फिरवायचा, काढून नळीत ठेवायचा, झाकण लावायचं. टेबल नाही, लोखंडी चिमटा नाही, पुढं कुणी उभं नाही. बैठकीत सगळ्या खाली मान घालून बसल्या. मग मी पाकीट घेतलं, घरी आले, आमच्या त्याच न्हाणीघरात कडी लावली आणि पाच मिनिटांत बाहेर आले. दुखलं नाही. बाहेर आल्यावर मात्र चुलीपुढं बसून खूप रडले, कारण जावेला एवढंच हवं होतं. एक कडी आणि पाच मिनिटं.

पुढं जे झालं ते सरकारनं समजून घ्यावं म्हणून हा पत्रप्रपंच. मी माझ्या नणंदेला सांगितलं. नणंदेनं तिच्या जावेला. एक पाकीट शिराढोणला गेलं, दोन केज तालुक्यात, कारण आमच्या गावच्या लेकी तिथं दिलेल्या आहेत. आठ दिवसांत पाकिटं संपली. कुठंही दवंडी नाही, बॅनर नाही. ज्या बाईनं स्वतः केलं तिनंच दुसरीला सांगितलं, "मी केलं, काही होत नाही." हे वाक्य आशाताईंनी म्हटलं तर सरकारी वाटतं. सख्ख्या नणंदेनं म्हटलं की पटतं. आशाताईंबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या खांद्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते मी रोज बघते.

अर्जेंटिनाच्या हुहुय प्रांतात असा प्रयोग झालेला आहे. आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बायकांच्या हातात ही नळी दिली, तर ८६ टक्के बायकांची तपासणी झाली. दवाखान्यात या, असं नुसतं सांगितलेल्या गटात २० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२१ च्या शिफारशींत बाईनं स्वतः घेतलेला नमुना चालेल असं सांगितलं आहे, आणि वयाच्या ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी अशी दोनदा तपासणी व्हावी असं तिचं उद्दिष्ट आहे. आयुष्यात दोनदा! आम्ही गटाच्या हप्त्यासाठी महिन्यातून एकदा एकत्र बसतो, तर हे का जमणार नाही?

पण यात काय चुकतं तेही सांगते, कारण ते आमच्याकडं घडलं. एका बाईचा निकाल मोबाइलवर संदेशानं आला. नंबर मुलाचा दिलेला होता, कारण तिच्याकडं फोन नव्हता. मुलानं "एचपीव्ही पॉझिटिव्ह" वाचलं आणि एचआयव्ही समजला. संध्याकाळपर्यंत नवऱ्यानं तिला माहेरी धाडलं. ती स्टँडवर पिशवी घेऊन बसलेली मला दिसली, पायात चप्पल नव्हती. मी तिला घरी आणलं. दोन आठवडे मी, डॉक्टर ताई आणि तिचा थोरला दीर त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसत होतो. हा वेगळा विषाणू आहे. तो संबंधातून येतो हे खरं, पण लग्न झालेल्या बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि कोणाकडून कधी आला हे कुणीही सांगू शकत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू राहिलाच तर कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात त्या जागेवर थोडा शेक देऊन तो थांबवता येतो. हे सगळं आम्ही त्या ओट्यावर सांगितलं. हे तपासणीच्या आधी सांगायला हवं होतं. नवरा शेवटी ऐकला. ती आता घरी आहे, पण ते दोन आठवडे तिला कोण परत देणार?

तेव्हापासून आम्ही गटात त्या इंग्रजी अक्षरांचं नाव घेत नाही. "पिशवीच्या तोंडाची तपासणी" म्हणतो. निकाल मोबाइलवर कधीच पाठवू नये. जिनं नळी दिली तिनं सिस्टरला बरोबर घेऊन त्या बाईलाच तोंडी सांगावा, अशी माझी विनंती आहे. आणि सासूनं सुनेला जबरदस्ती करायची नाही. नको म्हणणारीला नको म्हणू द्यावं.

दुसरीचं वेगळंच झालं. तिचा निकाल दिवाळीच्या तोंडावर आला, दवाखान्याची तारीख मिळाली, आणि तारखेच्या तीन दिवस आधी टोळीची गाडी लागली. मुकादमाची उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई मागं राहिली तर कोयता मोडतो. ती कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली. तिथून एक दिवस यायचं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. तिचे उपचार वैशाखात झाले. तिचं नशीब चांगलं, फार काही वाढलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी तारखेसकट आहे. हे काम पंचमीला सुरू करा. पंचमीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस राहतात. दहा गावांत दिलेल्या मुली एका वाड्यात एकत्र असतात. प्रत्येकीला दोन पाकिटं द्या, एक तिचं आणि एक तिच्या सासरच्या जावेचं किंवा नणंदेचं, दोघी तिशीच्या पुढच्या असतील तर. पंचमी ते दसरा दोन महिने मिळतात. तेवढ्यात निकाल यावा आणि ज्यांना गरज आहे त्यांचे उपचार टोळी निघायच्या आत व्हावेत. गावोगावचे मेळावे मार्चमध्ये महिला दिनाला होतात, तेव्हा आमच्या बायका फडात असतात.

यंत्रांचंही सांगते. क्षयाच्या थुंकीसाठी अनेक ग्रामीण रुग्णालयांत गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र आलं आहे. त्याच यंत्रावर एचपीव्हीची चिपही चालते. नमुना पुण्या-मुंबईला पाठवायचीच गरज आहे असं नाही. आणि ज्या बाया पाकिटं वाटतील, निकाल सांगायला जातील, बरोबर दवाखान्यात जातील, त्यांना मानधन द्यावं. बचत गटाच्या बाईचा वेळ फुकट असतो ही समजूत सोडावी. मुलींसाठी पुण्यात बनलेली लस आता आहे, ती जरूर द्या. पण आमची तिशी-चाळिशी ओलांडलेली पिढी त्या लसीच्या पलीकडं गेली आहे. आमच्यासाठी तपासणीच आहे.

एक गोष्ट मनात सलते. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातल्या कितीतरी जणी तिशीच्या आसपासच्या होत्या. आमच्या गावातही अशा आहेत. त्यांना विचारलं की सांगतात, "डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल, काढून टाका." कर्ज काढून त्यांनी पिशवी काढली. तपासणी मात्र एकीचीही केली नव्हती. भीती घरपोच आली, ब्रश आणि नळी नाही आली.

ती संस्था आपलं काम संपवून गेली. डॉक्टर ताई अजून फोन उचलतात, पण त्यांच्याकडं आता पाकिटं नाहीत. वाटलेल्यांपैकी चार पाकिटं कर्नाटकातून न वापरता परत आली होती, ती आमच्या गटाच्या पेटीत पासबुकांखाली आहेत. त्यांची मुदत गेल्या मार्चमध्ये संपली. परवाच्या बैठकीत केजहून आलेली एक लेक विचारत होती, माझ्या जावेला अंगावर पांढरं जातंय, एखादं आहे का शिल्लक. मी पेटी उघडून तिला तारीख दाखवली. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना ग्रामसंघाच्या ठरावासह अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडं आहे. पंचमीच्या आत उत्तर यावं.

आपली,
बचत गट अध्यक्ष, ता. कळंब, जि. धाराशिव
(पत्रातल्या बायका ओळखू येऊ नयेत म्हणून माझं आणि गावाचं नाव छापू नये, ही विनंती.)