कार्डाचे टार्गेट मुलींच्या माथी
संपादक महोदय,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) खरेदीला जळगावातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. बिल करणाऱ्या मुलीने तीनदा विचारले, "काका, आमचं क्रेडिट कार्ड घ्या ना." नको म्हटल्यावर हळूच म्हणाली, "आज एकही फॉर्म भरला नाही. रात्री सगळ्यांसमोर उभं करून बोलतात." काउंटरवरच्या वहीत तिच्या नावापुढे लाल शाईने शून्य लिहिलेले होते. दिवसभर उभे राहून कपडे विकणाऱ्या मुलींवर बँकेच्या कामाचा बोजा कशासाठी? ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मुलीची कीव येऊन केलेली सही संमती कशी म्हणायची? दुकानमालकांनी ही सक्ती थांबवावी. कार्ड विकायचेच असेल तर बँकेने आपला माणूस बसवावा.
— एक वाचक, जळगाव