दादाच्या दारी जात राहिलेल्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे पत्र आधी वहिनींना वाचून दाखवले आणि त्यांच्या संमतीनेच सर्वांसमोर ठेवते आहे. नाव कुणाचेच घातलेले नाही, तुमचेही नाही. आभार भेटूनही मानता आले असते. पण आमच्यासारखी घरे पुष्कळ मंडळ्यांत (चर्चमध्ये) आहेत आणि तिथल्या पाळकांपुढे, वडिलांपुढे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपुढे) हाच प्रश्न उभा असतो: एखादा सभासद उघड पापात राहतो, समजावूनही ऐकत नाही, तर मंडळीने करायचे काय? बहुतेक ठिकाणी सगळे गप्प बसतात, आणि जिच्यावर अन्याय झाला तीच हळूहळू उपासनेला यायची थांबते. काही ठिकाणी उलट होते. एका रविवारी नाव वाचून माणसाला काढून टाकतात आणि त्यानंतर तो जगतो की मरतो याची कुणी चौकशीही करत नाही. तुम्ही यातले काहीच केले नाही.

दादाने वहिनींना आणि मुलांना सोडून दुसरा संसार थाटला तेव्हा तो गायनपथकाचा प्रमुख होता. मंडळीच्या प्रत्येक कामात त्याचा हात सढळ असे. म्हणून कुजबुज खूप होती, पण तोंडावर बोलायला कुणी धजत नव्हते. तुमच्या कानावर आले तेव्हा तुम्ही सर्वांत आधी वहिनींकडे आलात. क्षमेवर प्रवचन दिले नाहीत. घर कसे चालले आहे, मुले रात्री नीट झोपतात का, वकिलाचा सल्ला घेतला का, असे विचारलेत. आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलेत की यात तुमच्या आईचा काहीही दोष नाही. मंडळीच्या शिस्तीबद्दल लिहिणारे बोलणारे बहुधा पाप करणाऱ्यापासून सुरुवात करतात. तुमची सुरुवात जखम झालेल्यापासून झाली, आणि पुढचे सगळे त्यामुळेच सरळ राहिले असे मला वाटते.

मग तुम्ही एकटेच दादाकडे गेलात. काय बोलणे झाले ते आजही आम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही ते कुणाला सांगितले नाही. तो ऐकत नाही असे दिसल्यावर मंडळीच्या दोन वडिलांना घेऊन गेलात. त्यांतले एक म्हणजे ज्यांच्या हाताखाली दादा गायला शिकला ते. दादावर चिडलेले, त्याला चार शब्द सुनवायला टपलेले लोक सोबत यायला तयार होते. त्यांना तुम्ही नेले नाहीत. साक्षीदार हे कुणाची बाजू घ्यायला येत नसतात, असे तुम्ही म्हणालात. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकातला (१९:१५) दोघा-तिघांच्या साक्षीचा नियम आरोपीच्याही रक्षणासाठी आहे. आरोप करणाराच चुकला असेल तर ते साक्षीदारांनाच दिसायला हवे.

त्या काळात पवित्र शास्त्राच्या अभ्यासवर्गात तुम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय घेतलात. त्यातली १५ ते १७ ही वचने आम्हा सर्वांना पाठ होती, पण एखाद्या संस्थेच्या नियमावलीसारखी: एकट्याने जा, दोघांना ने, मंडळीला सांग, नाहीच ऐकले तर परका आणि जकातदार (लोक ज्याला तुच्छ मानत असा कर वसूल करणारा) समज. तुम्ही आम्हाला त्यांच्या मागचे-पुढचे वाचायला लावलेत. अगदी आधी नव्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधायला निघालेला मेंढपाळ आहे. अगदी नंतर येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न आहे, किती वेळा क्षमा करू, आणि त्यापुढे स्वतःला मोठे कर्ज माफ झाले असताना सोबत्याची मान धरणारा निर्दय दास. शिस्तीचे शब्द या दोघांच्या मधोमध ठेवलेले आहेत. ऐकले तर तू आपला बंधू मिळवलास, हे पहिल्याच पायरीवर लिहिले आहे. जो हे शब्द बंधू मिळवायच्या इच्छेशिवाय वापरतो तो त्यांचा अर्धाच भाग वाचतो आहे.

एक गोष्ट तुम्ही त्याच वर्गात ठासून सांगितलीत आणि ती इतर मंडळ्यांनीही ऐकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. मारहाण असेल, लेकराचे लैंगिक शोषण असेल, तर आधी त्याला एकट्याने जाऊन भेट असे त्या पीडित व्यक्तीला सांगणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. तिथे आधी सुरक्षितता आणि पोलीस. मंडळीची चौकशी कायद्याच्या जागी बसू शकत नाही. आणि आरोप पाळकावर किंवा वडिलांवर असला तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय त्यांना सूट देत नाही. साक्षीदार असल्याशिवाय आरोप घेऊ नका म्हणतो, पण पापात राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यायलाही सांगतो. स्वतः पाळक असून हे तुम्ही वाचून दाखवलेत.

दादा इतका देणारा, त्याला दुखवले तर मंडळीचे नुकसान होईल, असे बोलले गेलेच. तेव्हा तुम्ही रोमन सम्राट थियोदोसियसची हकिगत सांगितलीत. इ. स. ३९० मध्ये त्याच्या हुकमाने थेस्सलनीका शहरात मोठे हत्याकांड झाले. मिलानचे बिशप आंब्रोज यांनी सम्राटाला स्वतःच्या हाताने, फक्त त्यानेच वाचावे असे पत्र लिहिले: पश्चात्ताप केल्याशिवाय मी तुमच्या उपस्थितीत प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा) विधी करू शकत नाही. सम्राटाने पुढे मंडळीसमोर पश्चात्ताप केला आणि त्याला परत घेण्यात आले. साम्राज्याच्या धन्याला जो नियम लागला तो गायनपथकाच्या प्रमुखालाही लागतो, हे मग कुणाला वेगळे समजवावे लागले नाही. सम्राटालाही आधी खासगीतच सांगितले गेले, हे मला विशेष भावले.

दादाने स्पष्ट सांगितले की यात मला काही पाप वाटत नाही, आणि मी बदलणार नाही. त्यानंतरच मंडळीला सांगायची वेळ आली. उपासनेनंतर फक्त सभासदांना थांबवून तुम्ही चार-पाच वाक्यांचे निवेदन वाचलेत. तपशील एकही नव्हता. दादा प्रभुभोजनात सहभागी होणार नाही, गायनाचे नेतृत्व करणार नाही, पण उपासनेला येऊन वचन ऐकण्यास त्याला दार उघडे आहे. मग आम्हा सर्वांना काम दिलेत: याबद्दल चर्चा करू नका, त्याच्यासाठी प्रार्थना करा, भेटला तर तोंड फिरवू नका, त्याला परत बोलवा. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो तेव्हा त्या माणसापेक्षा जास्त रागावतो तो मंडळीवर, कारण त्यांना शोक व्हायला हवा होता आणि ते फुगून बसले होते. त्या दिवशी आपल्या मंडळीत कुणी फुगलेले नव्हते. बायका रडत होत्या, एक-दोन पुरुषही.

सगळ्यांनाच हे माप लावायचे का, असे एका तरुणाने विचारले. तो व्यसनाशी झगडणारा, पुन्हा पुन्हा घसरणारा. तुम्ही त्याला सर्वांदेखत जवळ घेतलेत. पडतो, रडतो, उठून येतो, त्याच्यासाठी मेज मांडलेलेच आहे, असे तुम्ही म्हणालात. शिस्त लागते ती पडण्याला पाप म्हणायलाच नकार देणाऱ्याला.

माझा प्रश्न वेगळा होता. असल्या माणसाबरोबर जेवूही नका, असे पौल त्याच अध्यायात म्हणतो. मग मी माझ्या सख्ख्या भावाशी कसे वागायचे? तुम्ही एका वाक्यात उत्तर दिले नाहीत. ख्रिस्ती लोकांत यावर फार जुना वाद आहे, हे सांगितलेत. १६९३ मध्ये स्विस ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पुढारी याकोब अम्मान आणि हान्स राइस्ट यांच्यात याच मुद्द्यावरून मोठी फूट पडली; काढून टाकलेल्या माणसाशी रोजचा व्यवहार, जेवणखाणही तोडायचे, असे अम्मान यांचे म्हणणे, आणि बंदी प्रभुभोजनापुरती ठेवावी, असे राइस्ट यांचे. अम्मान यांना मानणारे आमिश लोक त्या फुटीतून वेगळे झाले. मग तुम्ही म्हणालात की रक्ताचे नाते मंडळीने जोडलेले नाही, म्हणून ते मंडळी तोडू शकत नाही. बहीण म्हणून जा, जेव, आजारी पडला तर शेजारी बस. फक्त सगळे ठीक आहे असा आव आणू नकोस. मला दादाशी खरे बोलण्याची आणि तरी त्याची बहीण राहण्याची वाट तुम्ही दाखवलीत. या पत्रातले सर्वांत मोठे आभार यासाठी.

आणि तुम्ही स्वतः जात राहिलात. परका आणि जकातदार समजा, याचा अर्थ प्रभू येशू जकातदारांशी कसा वागला त्यावरून घ्यायचा, असे तुमचे म्हणणे. ते शुभवर्तमान ज्याच्या नावाने आहे तो मत्तय जकातनाक्यावरूनच उठून आला होता. दादा कधी दार उघडायचा, कधी नाही. कधी तुम्ही नुसतेच त्याच्या तब्येतीची विचारपूस करून परत आलात. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या सत्ताविसाव्या प्रकरणात मठाधिपतीला सांगितले आहे की ज्याला बाजूला केले आहे त्याच्याकडे शहाण्या, वयस्क बंधूंना गुपचूप पाठवा, त्याला धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखात बुडून जाईल. तो अतिदुःखाचा धागा करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला. पौल तिथे म्हणतो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा. तो पहिल्या पत्रातलाच माणूस की दुसरा कुणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण शिस्त कुठवर न्यायची हे तिथे कळते. शिस्त लावणाऱ्याने त्याच दिवशी परतीच्या स्वागताचीही तयारी सुरू केली पाहिजे, हे मी तुमच्याकडे पाहून शिकले.

दादा अजून परतलेला नाही. म्हणून काहीजण म्हणतात, एवढे करून काय मिळाले? त्यांनी वहिनींच्या बाकावर बघावे. वहिनी मंडळीत आहेत, मुले आहेत. आपल्या वडिलांनी जे केले ते मंडळीने चूक म्हटले, हे मुलांना माहीत आहे. वडिलांना मात्र कुणी वैरी म्हटले नाही, हेही माहीत आहे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शेवटाकडे अगदी हेच सांगितले आहे: त्याला शत्रू मानू नका, बंधू समजून बोध करा. माझी भाची वडिलांसाठी रोज मोठ्याने प्रार्थना करते, आणि तिला त्याची लाज वाटत नाही.

तुमची बदली झाल्याचे कळले. गायन शिकवणारे वडीलच आता दादाकडे जात राहणार आहेत, आणि नव्या पाळकांना त्यांनी तसे सांगितलेही आहे. वहिनींचा निरोप इथे त्यांच्याच सांगण्यावरून लिहिते. दादाने पश्चात्ताप केला तर मंडळीने त्याला मनापासून परत घ्यावे, त्यांची हरकत नाही. त्याला घरात घ्यायचे की नाही, हे मात्र त्या ठरवतील. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुम्ही पहिल्या दिवसापासून मान्य केलेत, त्यांच्यावर कधी दडपण आणले नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार वेगळे मानायला त्यांनी सांगितले आहे.

तुमची,
मंडळीतील एक बहीण