‘डूकी’ला गोंगाट म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातल्या पाश्चात्त्य संगीतावर लेख होता. त्यात ‘ग्रीन डे’ या अमेरिकी बँडच्या ‘डूकी’ या अल्बमच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या. ‘पोरकट गोंगाट’ एवढं म्हणून लेखक पुढे गेले. हा अल्बम मी १९९७ पासून ऐकते आहे. वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

आधी ‘पोरकट’चं बघू. १ फेब्रुवारी १९९४ ला हा अल्बम आला तेव्हा बँडमधले गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग, बासवादक माइक डर्न्ट आणि ड्रमर ट्रे कूल, तिघंही एकवीस वर्षांचे होते. बिली जो आणि माइक शाळेपासूनचे मित्र. कॅलिफोर्नियातलं रोडिओ हे तेलशुद्धीकरण कारखान्याचं छोटं गाव, तिथला बिली जो. त्याचे वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. तो दहा वर्षांचा असताना ते कर्करोगानं गेले. आई हॉटेलात वाढायचं काम करायची. या मुलानं एकविसाव्या वर्षी त्याच वयाबद्दल लिहिलं: रिकाम्या दिवसांचा कंटाळा, घर सोडून जवळच्या ओकलंड शहरातल्या पडक्या वस्तीत काढलेले दिवस, रात्रीची धास्ती. मोठेपणाचा आव त्यात कुठेच नाही, आणि मला तरी हीच त्याची ताकद वाटते.

आता ‘गोंगाट’. लेखकांनी ‘लाँगव्ह्यू’ हे गाणं एकदा हेडफोन लावून ऐकावं. कडव्यात गिटार जवळजवळ नाहीच. ड्रम्स झुलत चालतात आणि माइकचा बास, म्हणजे खर्जातली गिटार, वरखाली रेंगाळत राहतो, भर दुपारी सोफ्यावर लोळत पडलेल्या माणसाच्या मनासारखा. गाणं आहेच मुळी घरात बसून कुजण्यावर. मग ध्रुवपद येतं आणि इतका वेळ दडलेली गिटार एकदम अंगावर येते. एवढा वेळ तिला बाहेर बसवून ठेवायला संयम लागतो. गोंगाट करणाऱ्यांकडे तो नसतो.

‘बास्केट केस’चंही तसंच. सुरुवातीला फक्त गिटार आणि आवाज. तळहाताची कड तारांवर टेकवून, नाद दाबून वाजवलेली ती गिटार. तिच्यावर एक मुलगा धापा टाकत कुणाला तरी काहीतरी सांगतोय. बास आणि ड्रम्स थांबून राहिलेले. ते आले की आपण आपोआप उभे राहतो. गंमत म्हणजे या गाण्यातली कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, साखळी तीनशे वर्षांपूर्वीच्या पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या ‘कॅनन’शी बरीच जुळते. कान पहिल्यांदा ऐकतानाच ती चाल ओळखीची म्हणून धरतो, त्याचं एक कारण हेही असावं.

माझं सांगते. १९९७ मध्ये मी सांगलीत बारावीला होते. पहाटे अभ्यासाला उठले की छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. घरचे म्हणायचे, ‘अगं, परीक्षेचं टेन्शन आहे, डोक्यात घेऊ नकोस.’ त्याच सुमारास मावसभावानं पुण्याहून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर हा अल्बम उतरवून आणला. इंग्रजी उच्चार कळेनात. मग मी रिवाइंड करत करत, शेजारी डिक्शनरी ठेवून, रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर ‘बास्केट केस’चे शब्द उतरवले. अर्धे चुकीचे होते. पण आपल्याला वेड लागतंय का, ही शंका दुसऱ्या कुणालाही येते, एवढं समजलं. बिली जोनं पुढे उघडपणे सांगितलं आहे की हे गाणं त्याच्या स्वतःच्या घबराटीच्या झटक्यांवर आहे आणि त्या त्रासाचं नाव त्याला कित्येक वर्षांनी कळलं. मलाही ‘पॅनिक अटॅक’ हा शब्द तिशी उलटल्यावर कळला. सतरा वर्षांच्या मुलीला तोवर धीर द्यायला ती कॅसेट होती.

पैशांसाठी विकले गेले, हा आरोप या मुलांवर त्यांच्याच लोकांनी केला. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला म्हणून कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीच्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबात ते वाढले, मोठ्या कंपन्यांच्या बँडना थारा न देणाऱ्या त्या क्लबातच त्यांना वाजवायची बंदी झाली. जिथे घडलो तिथलंच दार बंद होणं काय असतं, ते गाव सोडलेल्या कुणालाही सांगायला नको. अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं, एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते ‘कमिंग क्लीन’ हे दीड मिनिटाचं गाणं. स्वतःची लैंगिक ओळख उमगण्याबद्दल १९९४ साली इतक्या साधेपणानं गाणारे रॉक गायक फार नव्हते.

मार्च २०२५ मध्ये हा बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आला तेव्हा मी लेकीला घेऊन गेले होते. तीही तेव्हा सतराचीच. तिनं ही गाणी माझ्याकडून घेतलेली नाहीत, तिच्या मैत्रिणींनी फोनवर ऐकवली. पन्नाशी ओलांडलेल्या बिली जोनं ‘बास्केट केस’ सुरू केलं आणि बाजूची मुलं पहिल्या शब्दापासून गायला लागली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आई, तुला सगळे शब्द पाठ आहेत?’

आपल्या लेखकांना माझी एकच विनंती आहे. अल्बम अवघ्या ३९ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ काढून तो सलग ऐकावा आणि मग पुन्हा लिहावं. शेवटचं गाणं संपलं म्हणून लगेच बंद करू नये. मिनिटभराहून जास्त शांतता जाते आणि मग ड्रमर ट्रे कूल स्वतः एक गाणं गातो, जे कव्हरवरच्या यादीत नाही. मी कॅसेट लगेच उलटायचे, त्यामुळे ते मला वर्षभर सापडलं नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली