लुधियान्यात शिकणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरच्या लेकीस

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुझ्या आईनंच नको म्हटलं. पण तू आमच्या बाबांसाठी जे केलंस ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, दौलतगंजातल्या आपल्या माणसांना कळायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

बाबा हवाई दलात एअरमन होते. नॅट या छोट्या लढाऊ विमानांची देखभाल करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता कंबरेनं साथ सोडलीय, खोलीतून गॅलरीपर्यंतच काय ती हालचाल. इथल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज लढाऊ विमान उडालं की मान वर करतात, आवाज विरेपर्यंत ऐकतात. त्यांच्या मनात एकच राहिलं होतं: लुधियान्याला जाऊन फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचा पुतळा बघायचा. शेजारी नॅट विमान ठेवलंय, तेही बघायचं.

का, ते तुलाही तेव्हा पुरतं ठाऊक नसेल. १९४८ सालच्या करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवत नसत. १९७१ चं युद्ध पेटलं तेव्हा मात्र तिथं १८ नंबर स्क्वाड्रनची नॅट होती. १४ डिसेंबरला पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखोंनी विमान वर नेलं. सोबतच्या विमानाशी ताटातूट झाली, तरी हा ऐन तिशीच्या आतला मुलगा एकटा त्या सहांना भिडला. हवाई दलात परमवीर चक्र मिळालेले ते आजवर एकटेच. विमानाचे अवशेष सापडले, देह मात्र कितीही शोधूनही मिळाला नाही. बाबा तेव्हा दुसऱ्या तळावर होते, सेखोंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण ते म्हणतात, ज्याला चितेवर निरोप देता आला नाही, त्याच्यापुढे एकदा जाऊन उभं राहायला हवं.

त्यासाठी आम्ही किती जणांना गळ घातली! एका संस्थेनं बाबांना सत्काराला नेलं, शाल पांघरली, स्टेजवर सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजोबांना लुधियान्याला आम्ही नेणार. पुढे फोन केले तर उचलायचे नाहीत. एका जवळच्या नातेवाइकाचं कामानिमित्त तिकडे नेहमी जाणंयेणं. तो म्हणाला, तिथे बघण्यासारखं काय आहे, नेटवर फोटो आहेत की. बाबांच्या तोंडावर म्हणाला हे. त्यानंतर बाबांनी तो विषयच काढणं सोडलं. नाही म्हणायचं तर नीट नाही म्हणावं, म्हाताऱ्या माणसाला आशेवर टांगून ठेवू नये. मला त्या लोकांचा अजून राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

तू आमची ना नात्याची, ना ओळखीची. तुझ्या आईशी भाजीच्या गाडीपाशी सहज विषय निघाला आणि रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला. सेखोंचा पुतळा आहे त्या कचेरीच्या आवारात तू उभी होतीस. दुसऱ्या कोणी घाईघाईत पुतळ्यावरून फोन फिरवला असता आणि झालं म्हटलं असतं. तू मात्र विचारलंस, "आजोबा, आधी काय बघायचंय? कुठून सुरू करू?"

बाळ, एवढ्यावरच बाबा सावरून बसले. "आधी विमान. नाकापासून सुरू कर," म्हणाले. पायलटच्या हवाली करण्याआधी विमानाभोवती फेरी मारून ते तपासायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं. तू त्यांच्या तालानं चाललीस. ते थांब म्हणाले की थांबलीस, मागे जा म्हणाले की मागे गेलीस. मधेच ते इंग्रजीत पुटपुटत होते, बहुधा तपासणीची जुनी यादी. तू एकदाही "झालं का?" म्हणाली नाहीस. आम्ही घरचेसुद्धा दिवसातून कितीदा म्हणतो! फेरी पुरी झाल्यावर तू विचारलंस, "सगळं ठीक आहे ना, आजोबा?" ते म्हणाले, "ठीक आहे. जाऊ दे." मग तू फोन सेखोंच्या पुतळ्याकडे वळवलास आणि बाबांनी बसल्या बसल्याच सॅल्यूट केला. त्यांचा हात खाली येईपर्यंत तुझा फोन हलला नाही.

मदत करणारे खूप असतात, पण आपल्याला सोयीचं तेवढं उरकून निघतात. समोरच्याला काय हवं ते विचारायचं आणि तेवढ्यापुरतं त्याचं ऐकायचं, ही माणुसकी तुझ्या आईनं तुला कशी शिकवली हे मी तिला भेटून विचारणार आहे. अशी मुलं आपल्या गावात वाढतात याचा मला फार अभिमान वाटला.

त्या दिवशी बाबा रात्रीपर्यंत बोलत होते. नॅट केवढंसं, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट, तरी सेबरला पुरून उरायचं, हे नातवाला हात पसरून दाखवत होते. चाकं थोडी खाली सोडली की त्यांची झाकणंच हवेत ब्रेकचं काम कशी करायची, हे तुला समजावून सांगायचं राहिलं म्हणून हळहळत होते. तेव्हा सुट्टीत येशील तेव्हा आधी आमच्याकडे ये. कटाची आमटी आणि पुरणपोळी तुला आवडते असं आई म्हणाली. बाबांनी कागदावर नॅटचं चित्र काढायला घेतलंय.

तुझी,
दौलतगंजातली मावशी